जैनूचं दोन आकडी मीटर

ईट गावच्या बाजारात एके काळी खिशातून येणारा बारीक ‘खट’ असा आवाज ऐकला की जाणती माणसं दोन पावलं मागं सरत. तो खिसा जैनोद्दीनचा. खट, खट, खट असं सुरू झालं की समजायचं, जैनूला राग आलाय आणि तो मोजतोय. शंभर खटके होईपर्यंत त्याच्याशी बोलायचं नाही. शंभर झाले की तो खिशातून हात काढी, मानेवरचा घाम पुशी आणि “हां, बोला,” म्हणे. परगावचं एखादं गिऱ्हाईक मधेच तोंड घालू लागलं तर आम्ही शेजारचे दुकानदार त्याला दंडाला धरून मागं ओढायचो.

मी मल्लिनाथ. माझं कापडाचं दुकान, आणि समोर लिंबाखाली जैनूची टपरी. हल्ली गावात त्याचं नाव निघालं की लोक फक्त तो एक दिवस सांगतात, तोही तिखटमीठ लावून. सांगणाऱ्यांतले निम्मे त्या दिवशी दाराला कडी लावून घरात बसले होते. त्यांचं ऐकलं की माझं टाळकं सरकतं. म्हणून मी पहिल्यापासून सांगतो, आणि त्यात माझंही काही झाकून ठेवणार नाही.

जैनू घड्याळं दुरुस्त करायचा. नुसत्या घड्याळांवर ईटमध्ये पोट भरत नाही, म्हणून सायकली, स्टोव्ह, गॅसबत्त्या, जे येईल ते. हात इतका हलका की केसाएवढी स्प्रिंग चिमटीत धरली तर ती थरथरायची नाही. आणि डोकं इतकं गरम की त्याच हातानं त्यानं एकदा शेजाऱ्याची शेळी नुसती टपरीत तोंड घालते म्हणून जागच्या जागी मारली. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी बायकोला, अजीजाबीला, उकळत्या चहाची किटली फेकून मारली. तिच्या कपाळावरचा डाग पदर पुढं ओढला तरी दिसायचा.

त्याचा धाकटा भाऊ हनीफ त्याच्याच हाताखाली सायकलीचं काम करायचा. निजामाचं राज्य जाऊन विलीनीकरण झालं, त्याला वर्ष झालं असेल. हनीफच्या हातून एका भारी घड्याळाची स्प्रिंग धुळीत पडली आणि सापडेना. जैनूनं हातातला पाना फेकला. तो हनीफच्या डाव्या डोळ्यावर बसला. मी दुकानातून धावत गेलो तेव्हा हनीफ जमिनीवर गडाबडा लोळत होता, त्याच्या बोटांमधून रक्त आणि आणखी काही पातळ वाहत होतं, आणि जैनू तिथंच गुडघ्यावर बसून स्वतःचं डोकं दगडावर आपटत होता. डोळा गेला.

त्यांची आई फातिमाबी. तिनं थोरल्याला शिव्या दिल्या नाहीत, रडलीही नाही. ती एवढंच म्हणाली, “गुस्सा आया तो सौ गिन. सौ होने तक हात नक्को उठा.” जैनूनं तिच्या पायावर हात ठेवून शपथ घेतली. पण राग आला की त्याला सदतीसच्या पुढं आकडाच आठवेना. पुन्हा एकपासून सुरू करी, पुन्हा अडखळे, आणि तेवढ्यात हात उठे.

मग बार्शीकडच्या कापसाच्या एका बंद पडलेल्या जिनिंगच्या भंगारात त्याला एक मोजणीचं यंत्र सापडलं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं. वरचा खटका दाबला की आतली चाकं फिरायची आणि बारीक खिडकीत आकडा एकानं पुढं सरकायचा. बाजूची किल्ली पिरगाळली की सगळं शून्यावर. मूळची चाकं तीन. तिसऱ्याचे दाते झिजले होते, ते जैनूनं काढून टाकलं आणि तेवढी खिडकी पत्र्यानं बुजवली. राहिली दोन. नव्याण्णवच्या पुढं एक खटका दाबला की दोन शून्यं.

“तिसरं बसव की नवं करून,” मी म्हणालो होतो.

“कशाला? शंभराच्या म्होरं मला जायचंच न्हाय. दोन शून्यं दिसली की म्या निवलो.”

आम्ही त्याला मीटर म्हणायचो. खरं सांगायचं तर त्या मीटरनं चमत्कार केला. बारा वर्षं जैनूचा हात कुणावर उठला नाही. अजीजाबी पदर पुढं न ओढता पाण्याला जाऊ लागली. हनीफ एका डोळ्यानं चाकाची तार अशी सरळ करायचा की दोन डोळेवाल्यांनी बघत राहावं. भावाबद्दल वाकडा शब्द त्याच्या तोंडून मी कधी ऐकला नाही.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की जैनू माझ्या दुकानात यायचा आणि आम्ही बुद्धिबळ मांडायचो. मी भित्रा खेळाडू. माझी रीत एकच, समोर येईल ते मारायचं आणि आपलंही मारून घ्यायचं. वजिराला वजीर, हत्तीला हत्ती. पट मोकळा झाला की माझा जीव भांड्यात पडायचा. जैनूचं उलट. एक घोडा गेला की तो पिसाळायचा आणि पुढच्या चार चालींत वजीर घालवून बसायचा. कितीदा हरला असेल त्याची गणती नाही.

एके दिवशी म्हणाला, “मल्लू, इथं बी डोकं गरम होतंय. इथं बी मीटर लावतो.”

त्यानं नियम बांधले. प्याद्याला एक, घोड्याला तीन, उंटाला तीन, हत्तीला पाच, वजिराला नऊ. आपल्या प्रत्येक मोहऱ्याच्या माऱ्यात जितकी घरं येतात तितके आणखी. शत्रूच्या राजाची पळायची एक वाट बंद झाली की तीन. फुकट मारलं जाईल असं मोहरं मोजायचं नाही. एक चाल मनात धरायची, नजर पटावर ठेवून अंगठ्यानं खटके दाबत जायचं, शेवटी खिडकीत बघायचं. मग दुसरी चाल, मग तिसरी. सगळ्यांत मोठा आकडा ज्या चालीचा, ती खेळायची. आपल्या मनाला काही विचारायचं नाही.

मी पोट धरून हसलो. दोन महिन्यांनी हसू थांबलं. मीटर रागावत नव्हतं, कंटाळत नव्हतं, आणि मी दहातले सात डाव हरू लागलो. आकडा कधी चाळिसात असायचा, कधी पन्नाशीत. माझ्याशी खेळताना मोहरी उरायचीच मोजकी, त्यामुळं तो कधी सत्तरीला पोचल्याचं मला आठवत नाही. हे मी आज सांगतोय. तेव्हा दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

आता धुळाप्पा. रस्त्याच्या कामावर खडी फोडणाऱ्यांचा तो मुकादम. तरुणपणी कुस्ती केलेली, मान डोक्यापेक्षा रुंद. मजुरांना मारायला त्याला कारण लागत नसे. गोरोबा नावाचा एक खडी फोडणारा होता, साधा, खाली मान घालून बोलणारा. एका सकाळी तो कामावर उशिरा आला. बाजाराच्या वाटेवर धुळाप्पानं त्याला पाडलं आणि घणाच्या दांड्यानं पोटात मारत राहिला. गोरोबा पहिल्यांदा ओरडला, मग नुसता हुंकारत होता. तिसऱ्या दिवशी मेला.

बघणारे आम्ही सात जण होतो. फौजदार आले तेव्हा सहा जणांनी काही पाहिलेलं नव्हतं. त्या सहांतला एक मी. माझं दुकान आहे, घरात म्हातारी आई आहे, असं मी स्वतःला सांगितलं. हनीफ एकटा पुढं झाला आणि त्यानं पाहिलं ते सांगितलं. एकट्या माणसाच्या, तेही एकाक्ष माणसाच्या साक्षीवर काही टिकलं नाही. चार महिन्यांनी धुळाप्पा सुटून आला.

आल्या आल्या तो टपरीवर गेला. हनीफला केसाला धरून बाहेर काढलं, लाथ घालून पाडलं आणि त्याच्या छातीवर पाय ठेवून सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं म्हणाला, “एका डोळ्यानं लई बघतोस व्हय? तो बी काढतो. आज न्हाय. घाई न्हाय मला. रोज भीत जग, मग एक दिस काढतो.”

जैनू चार हातांवर उभा होता. खिशातून खटखट ऐकू येत होती. शंभर झाले, पुन्हा सुरू झाली. पुन्हा शंभर, पुन्हा सुरू. मी कधी त्याला तीनदा मोजताना पाहिलं नव्हतं. धुळाप्पा निघून गेला तेव्हा जैनूनं हात बाहेर काढला. अंगठ्याची कातडी सोलली होती.

पुढच्या तीन बाजारांत धुळाप्पानं हनीफला तीनदा मारलं. दोन दात पाडले. एकदा फासळी मोडली. अजीजाबी माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन बसली आणि म्हणाली, “दादा, यांचा हात उठला तर फाशी. न्हाय उठला तर हनीफभाई आंधळा. तुमी कायतरी सांगा.” मी म्हणालो, होईल सगळं ठीक. माझ्यासारख्या माणसांची ही ठरलेली वाक्यं असतात.

धुळाप्पाला बुद्धिबळाचा नाद होता. चावडीच्या ओट्यावर तो पट मांडून बसायचा आणि हरलेल्याला एक थोबाडीत द्यायचा, गमतीनं. पण पटावर तो घेतलेली चाल मागं घ्यायचा नाही आणि पटावर दिलेला शब्द फिरवायचा नाही. त्याच्यात माणसासारखं तेवढंच होतं. जैनूनं त्यालाच हात घातला. भरल्या ओट्यासमोर जाऊन उभा राहिला.

“मुकादम, एक डाव खेळा. म्या जिंकलो तर हनीफच्या डोळ्याला तुमी हात लावायचा न्हाय. कधीच न्हाय.”

“आन हरलास तर?”

“तुमी सांगा.”

धुळाप्पानं त्याच्या हाताकडं बघितलं. “उजवी मूठ. घणाखाली. घड्याळजी हायेस न्हवं? मग डोळ्याचं माझं म्या बघीन.”

“कबूल.”

“सोनारीच्या भैरवाची आण,” धुळाप्पा म्हणाला आणि हसला.

मी जैनूला त्या संध्याकाळी नाही नाही ते बोललो. तो शांत होता. “मल्लू, माझ्या डोक्यानं खेळलो तर हरणार. ते मला ठाऊक हाय. मीटरनं खेळलो तर जिंकीन. मीटरनं मला बारा वर्षं एकदा बी दगा दिला न्हाय.”

पुढच्या बाजाराच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास डाव सुरू झाला. ओट्याभोवती शंभरेक माणूस. घण पटाशेजारीच ठेवला होता, दांडा गोरोबाच्या वेळचाच. जैनूनं मीटर मांडीवर घेतलं तेव्हा धुळाप्पा म्हणाला, “वाजव तुझा खुळखुळा.” हनीफ माझ्या बाजूला उभा होता. त्याचा उजवा डोळा पटावरून हलत नव्हता.

धुळाप्पा माझ्यासारखा कापाकापी करत नव्हता. त्याला मारण्याआधी समोरच्याला दाबायला आवडायचं, पटावरही. पाच-पाच प्यादी सोडली तर त्यानं काही मारलं नाही, काही मारू दिलं नाही. मोहरी दोन्हीकडं भरलेली, वाटा मात्र मोकळ्या होत गेल्या. जैनूचा आकडा साठीला गेला, सत्तरीला गेला. एकेका चालीला तो दहा-दहा मिनिटं घेई. ऊन डोक्यावरून कलंडलं तरी कुणी हललं नाही. आणि हळूहळू जैनूचा डाव वर चढला. त्याचा वजीर मधे आला, दोन्ही उंट तिरके सुटले, आणि धुळाप्पाचा राजा कोपऱ्यात आक्रसला.

मग ती वेळ आली. जैनूचा एक हत्ती उभ्या मोकळ्या वाटेनं थेट आत जाऊ शकत होता, राजाच्या पुढ्यातल्या ओळीत. तिथं त्याला कुणी मारू शकत नव्हतं. तो तिथं बसला की तीन चालींत मात होती. मला दिसलं. मी भित्रा असलो तरी आंधळा नाही. धुळाप्पालाही दिसलं. त्याच्या कानामागून घाम खाली आला आणि तो पहिल्यांदाच पटावरून नजर काढून घणाकडं बघू लागला.

जैनूलाही दिसलं होतं. त्याचा हात हत्तीवर गेला, थांबला, मागं आला. आधी मोजणी. वजीर मागं घेतला तर एक्क्याऐंशी. घोडा पुढं टाकला तर सत्त्याहत्तर. मग हत्ती. तो खटके दाबत राहिला, बराच वेळ, नजर पटावर. संपल्यावर त्यानं खिडकीत बघितलं.

शून्य चार.

त्यानं किल्ली पिरगाळली, पुन्हा मोजलं. पुन्हा शून्य चार.

आता कुणीही शहाणा म्हणेल, नुसता वजीरच नऊचा, तर सगळे मिळून चार कसे होतील? बरोबर आहे. पण तो शहाणा त्या ओट्यावर बसलेला नव्हता. घड्याळजीच्या हयातीत बारानंतर एक वाजतो आणि त्याचं त्याला कधी नवल वाटत नाही. शिवाय बारा वर्षं त्या खिडकीत शून्य दिसलं की हात मागं घ्यायचा, हे जैनूच्या अंगात मुरलं होतं. डोळे म्हणत होते हत्ती. पण ते डोळे रागानं लाल झालेले होते, आणि रागावलेल्या डोळ्यांचं ऐकून त्यानं एकदा काय केलं होतं ते माझ्या शेजारी एका डोळ्यानं बघत उभं होतं.

त्यानं माझ्याकडं बघितलं. फार वेळ नाही, एक श्वासभर. बघ्यांनी बोलायचं नाही असा रिवाज होता, आणि बोललो असतो तर धुळाप्पानं माझं काय केलं असतं ते सांगायला नको. मी मान खाली घातली.

जैनूनं वजीर मागं घेतला. धुळाप्पानं लगेच ती वाट घोड्यानं बंद केली आणि मोठ्यानं श्वास सोडला. पुढं नऊ चालींत जैनूला मात झाली.

जैनूनं स्वतः ओट्याच्या कडेवर मूठ ठेवली. धुळाप्पा म्हणाला, “बोटं पसर.” त्यानं पसरली. हनीफ पुढं धावला, त्याला दोघांनी धरलं. धुळाप्पानं घण उचलला. एका घावात झालं असतं. त्यानं तीन घातले, दर वेळी जैनूच्या तोंडाकडं बघत. पहिल्या घावाचा आवाज ओल्या फांदीसारखा आला. तिसऱ्यानंतर दगडावर हात म्हणावा असं काही उरलं नव्हतं, आणि जैनूच्या तोंडून आवाज निघाला नाही, फक्त त्याचा डावा हात खिशात गेला आणि तिथं खटके वाजू लागले. शंभर झाल्यावर तो आडवा पडला.

दोन बोटं बार्शीला काढून टाकावी लागली. बाकीची वाकडी, काडीसारखी वाळली. हनीफला अजीजाबीनं परांड्याला तिच्या माहेरी पाठवून दिलं. टपरी बंद राहिली. चाळीस-एक दिवसांनी जैनू माझ्या दुकानात आला आणि म्हणाला, “मल्लू, तो डाव मांड. हत्तीच्या चालीवर चार कसे आले, ते मला बघायचंय. आन मीटरनं न्हाय. तुझ्याकडं चिंचोके हाईत का?”

माझ्या आईनं सारीपटासाठी साठवलेले चिंचोके डबाभर होते. मी डाव मांडला, हत्ती आत बसवला. आम्ही चिंचोक्यांच्या राशी घातल्या. मोहऱ्यांचे चौतीस. माऱ्यातल्या घरांचे अठ्ठावन्न. राजाच्या चार वाटा बंद, तीन-तीनचे बारा. मी सगळे एकत्र केले आणि मोजले. मग पुन्हा मोजले.

“एकशे चार,” मी म्हणालो.

तो बघत राहिला. मग डाव्या हातानं मीटर काढून अंगठ्यानं खटके दाबू लागला, या वेळी खिडकीत बघत. अठ्ठ्याण्णव. नव्याण्णव. दोन शून्यं. एक. दोन. तीन. चार. पत्र्यानं बुजवलेल्या तिसऱ्या खिडकीवर त्यानं नखानं टकटक केलं.

“म्हंजे माझे डोळे खरं बोलत होते.”

“व्हय.”

“आन ह्ये बघ. इथं दोन शून्यं आली की म्या समजायचो निवलो. निवलो कुठं? ते शंभर गेले कुठं मल्लू? गेलेच न्हाईत. मागं पडून हाईत सगळे. बारा वर्षांचे.” त्याचा आवाज चढला नव्हता, म्हणूनच मला भीती वाटली. मीटर त्यानं माझ्या कापडाच्या ठाणांवर टाकलं आणि न नेता निघून गेला. मी हाक मारली नाही.

त्याच आठवड्यात हनीफ परत आला. टपरी किती दिवस बंद ठेवायची, म्हणाला. बाजाराच्या दिवशी सकाळी त्यानं उघडली, आणि तासाभरात धुळाप्पा आला.

मी दुकानातूनच बघितलं. त्यानं हनीफला पालथा पाडून पुन्हा उताणा केला, गळ्यावर गुडघा टेकला, आणि टपरीतलीच चाकाची एक तार उचलली. तिचं टोक त्यानं सावकाश दगडावर घासलं. बाजार पांगला. हनीफ डोळा मिटून घेत होता आणि धुळाप्पा अंगठ्यानं त्याची पापणी वर ढकलत होता. “उघड. शेवटचं बघून घे,” असं काहीतरी तो म्हणाला.

जैनू विहिरीच्या बाजूनं आला. मी कान देऊन ऐकत होतो, खटका कधी वाजतो. मग मला आठवलं, मीटर माझ्याजवळ आहे. तो धावला नाही. चालत आला, टपरीतला हातोडा डाव्या हातात घेतला आणि धुळाप्पाच्या डोक्यात मागून घातला. धुळाप्पा बाजूला कोसळला, तार हातात तशीच. उठायला लागला तेव्हा दुसरा घाव कानशिलावर बसला. तेवढ्यात काम झालं होतं. हनीफ सुटला होता, खोकत, रांगत मागं सरकत होता. जैनू मात्र गुडघ्यावर बसला आणि मारत राहिला. धुळाप्पाचे पाय काही वेळ झाडत होते, मग थांबले, तरी तो मारत राहिला. रक्त लिंबाच्या बुंध्यावर छातीएवढ्या उंचीपर्यंत उडालं होतं. मी प्रत्येक घाव मोजला. मोजायचा नव्हता, पण मोजला गेला.

शेवटी त्यानं हातोडा खाली ठेवला, हनीफची हनुवटी धरून तोंड वर केलं आणि डोळा बघितला. पापणीवर ओरखडा होता. डोळा शाबूत होता. मग तो टपरीच्या पायरीवर बसून पोलिसांची वाट बघू लागला.

उस्मानाबादच्या कोर्टात खटला उभा राहिला. जैनूच्या वकिलांनी मला आधी बसवून समजावलं. पहिले एक-दोन घाव भावाला वाचवायला घातले असं म्हणता येईल. त्याच्या पुढच्या घावांना उत्तर नाही. घाव एकावर एक बसल्यामुळं नक्की किती ते डॉक्टरांच्या कागदात नव्हतं. सगळं बघणाऱ्याच्या सांगण्यावर होतं, आणि बघणारा म्हणून या वेळी मी स्वतःहून नाव दिलं होतं.

“किती घाव घातले?” मला विचारलं.

“दोन,” मी म्हणालो.

गोरोबाच्या वेळी खरं बोलायचं होतं तेव्हा मी गप्प बसलो. आता तोंड उघडलं तर त्यातून खोटं निघालं. पण मला वाटलं, एवढ्यानं फिटेल.

आरोपीच्या पिंजऱ्यातून जैनू म्हणाला, “साहेब, नऊ.”

वकिलांनी कपाळाला हात लावला. न्यायाधीशांनी त्याला बस म्हटलं, तो बसला नाही. “मल्लिनाथ माझा दोस्त हाय, म्हणून दोन म्हणतोय. दोन हनीफसाठी होते. सात माझे. म्या बारा वर्षं शंभराच्या म्होरचं मोजलं न्हाय, त्यात माझा हात गेला. आता पुन्हा कमी मोजून घ्यायचं न्हाय मला.”

सात वर्षांची सजा झाली. लोक म्हणाले, आणखी होणार होती, त्याच्या खरं बोलण्यानं कमी झाली. मला ते पटत नाही. माझे दोन टिकले असते तर तो वर्षा-दोन वर्षांत घरी आला असता. गोरोबाच्या वेळी मी बोललो असतो तर ही वेळच आली नसती, म्हणून अजीजाबी मला तेव्हापासून दादा म्हणत नाही, शेठ म्हणते.

सजेत सूट मिळून तो सदुसष्ट साली सुटला. ईटच्या फाट्यावर एस.टी.तून उतरला तेव्हा हनीफ घ्यायला गेला होता. टपरी आता हनीफचीच, घड्याळंही तोच बघतो, भिंग एका डोळ्याला लावून. जैनू त्याच्या शेजारी नुसता बसून असतो. राग आला तर तसं तोंडानं सांगतो, “मला राग आलाय,” आणि उठून विहिरीकडं जातो. लोक अजूनही दोन पावलं मागं सरतात.

आल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी तो दुपारचा माझ्या दुकानात आला. मी चहा मागवला. पट कोपऱ्यात धूळ खात पडला होता, त्याच्याकडं त्यानं बघितलं. मीटर मी जपून ठेवलंय असं सांगितलं, तर नको म्हणाला. बराच वेळ पाऊसपाण्याचं बोललो. मग त्यानं विचारलं, “मल्लू, त्या दिवशी म्या तुझ्याकडं बघितलं. तुला हत्ती दिसला होता का?”

इतक्या वर्षांत मी या प्रश्नाची शंभर उत्तरं तयार करून ठेवली होती.

“व्हय,” मी म्हणालो.

त्याचा डावा हात खिशात गेला. खिसा रिकामा होता, मला माहीत होतं. सदऱ्याच्या कापडाआड अंगठा हलताना दिसत होता. मी हललो नाही. पायरीवर कुणी गिऱ्हाईक आलं, त्याला मी हातानंच थांब म्हटलं. चहा निवत गेला. किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही, शंभराच्या पुढं नक्कीच गेला. मग त्यानं हात बाहेर काढला आणि उजव्या हाताच्या वाकड्या बोटांनी माझी कपबशी माझ्याकडं सरकवली.